कंपनी आयोवाला हलवावी का? डुकरांची लस, अकरा माणसं आणि गुंतवणूकदाराची एक अट

मुळा_मुठा (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. इथे कंपनी चालवणारे, चालवून बंद केलेले आणि मिडवेस्टात राहणारे असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून हा धागा.

मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ आमची छोटी कंपनी आहे. माझ्यासकट अकरा जण, त्यात चार भारतीय. काम डुकरांच्या पीआरआरएस रोगावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : विषाणूजन्य रोग आहे, माद्या गाभडतात, पिल्लांना न्यूमोनिया होतो, आणि विषाणू इतका बदलतो की जुनी लस नव्या प्रकारावर पुरती चालत नाही. आमची लस अजून परवान्यापर्यंत पोचलेली नाही, प्राण्यांवरच्या चाचण्या सुरू आहेत. सोबत एक तपासणी-संच आहे. शेडमध्ये सुती दोर टांगायचा, डुकरं तो चघळतात, मग दोर पिळून निघालेली लाळ तिथल्या तिथे तपासायची.

अडचण उघड आहे. आमच्या आसपास डुकरंच नाहीत. चाचण्या मिडवेस्टमधल्या एका कंत्राटी संस्थेकडून करून घेतो. त्यांच्या रांगेत थांबायचं, नमुने विमानाने मागवायचे, आणि शेडमध्ये नेमकं काय घडलं ते फोनवर ऐकायचं.

आता नवा गुंतवणूकदार गट म्हणतोय, पैसे देतो, पण कंपनी आयोवा राज्यातल्या एम्स गावी न्या. नसेल जमत तर कॅन्ससमधलं मॅनहॅटन. विद्यापीठाच्या रिसर्च पार्कमध्ये जागा, राज्याच्या सवलती, स्वस्त घरं, सगळं त्यांच्या सादरीकरणात छान रंगवलेलं आहे. नवरा आयटीत आहे, तो तयार आहे. मुलगी नववीत आहे, तिला विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

हे खरंच शहाणपणाचं आहे का? की अशा ठिकाणी जाऊन कंपनी हळूहळू वाळते? फायदे-तोट्यांचा तक्ता माझ्याकडे आहे, मला तक्त्यात न मावणाऱ्या गोष्टी हव्या आहेत.


कोपरा_टेबल

भाड्यासाठी जात असाल तर आत्ताच थांबा. २०२१-२२ मध्ये केंब्रिजला केंडल स्क्वेअरमध्ये लॅबच्या जागेला वर्षाला चौरस फुटामागे शंभर डॉलरच्या आसपास मागत होते, तेव्हा हा युक्तिवाद चालायचा. त्या तेजीत बिल्डरांनी इतक्या लॅब बांधल्या की आता बोस्टनच्या परिसरात नव्याकोऱ्या इमारती भाडेकरूंची वाट बघत उभ्या आहेत. घासाघीस करायला याहून चांगली वेळ नाही. आणि तुम्ही तर वूस्टरला आहात, केंडलचं भाडं तुम्ही कधी भरलंच नसणार.

दुसरं, पुढच्या फेरीचे पैसे कुठून येणार? हा गट गेला तर एम्समध्ये दुसरा गट कोण? बोस्टनमध्ये एकाने नाही म्हटलं तर तुम्ही त्याच रस्त्यावर पुढच्या दारात जाता. तिकडे पुढचं दार शिकागोत आहे.

तिसरं, पीआयसी या डुकरांची पैदास करणाऱ्या कंपनीने जनुकसंपादन करून पीआरआरएस न होणारी डुकरं तयार केली आहेत आणि एप्रिल २०२५ मध्ये एफडीएने त्यांना मान्यताही दिली. लस किती वर्षं विकली जाणार, हा प्रश्न राज्य बदलण्याआधी सोडवा.


चिवडा

मुलीला सांगा शाळेजवळ स्टारबक्स आहे. बाकीचं हळूहळू.


डॉ_खूर

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला. गेली बरीच वर्षं आयोवात डुकरांतच आहे (शब्दशः). त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार, ते धरून वाचा.

कोपरा_टेबल यांचा पहिला मुद्दा बरोबर आहे. भाडं हे कारण नव्हेच. कारण हे आहे : आयोवात माणसं ३२ लाखांच्या आसपास आणि डुकरं कुठल्याही दिवशी सव्वादोन-अडीच कोटी. तुमची प्रयोगशाळा म्हणजे ती शेड आहे, वूस्टरची खोली नव्हे. खोलीत तुम्ही फक्त आकडे बघता.

आता एम्सबद्दल. माणसांच्या लशी एफडीएकडे जातात, पण जनावरांच्या लशींचा परवाना अमेरिकेचं कृषी खातं देतं, १९१३ च्या व्हायरस-सीरम-टॉक्सिन कायद्याखाली. तेव्हा डुकरांच्या कॉलऱ्यावर बोगस सीरम विकलं जायचं, त्यातून तो कायदा आला. परवाना देणारं केंद्र, सेंटर फॉर व्हेटरिनरी बायॉलॉजिक्स, एम्समध्येच आहे. तुमचा तपासणी-संचही त्यांच्याकडेच जाणार. शेजारी नॅशनल ॲनिमल डिसीज सेंटर, १९६१ पासूनचं. देशाच्या पशुरोगनिदानाची शेवटची खात्री करणाऱ्या प्रयोगशाळाही तिथेच. २०२४ च्या मार्चमध्ये गायींमध्ये बर्ड फ्लू निघाला तेव्हा शिक्कामोर्तब एम्सनेच केलं. आणि एम्सच्याच आयोवा स्टेट विद्यापीठाचं पशुवैद्यक महाविद्यालय १८७९ चं आहे, अमेरिकेतलं पहिलं सरकारी.

परवाना देणारं ऑफिस गावात आहे म्हणून फाइल लवकर हलते, हा गैरसमज आधीच काढून टाकतो. फाइल तिच्याच गतीने जाते. फायदा वेगळा आहे. त्या ऑफिसातून निवृत्त झालेली माणसं गावातच राहतात आणि सल्लागार म्हणून मिळतात. अर्जातला कुठला परिच्छेद परत येणार, हे त्यांना वाचतावाचताच कळतं.

एक जुनं उदाहरण देतो. २०१३ च्या वसंतात पीईडी हा जुलाबाचा विषाणू अमेरिकेत पहिल्यांदा आला आणि दूध पिणारी पिल्लं शेडच्या शेड मरायला लागली. त्यावर पहिला सशर्त परवाना जून २०१४ मध्ये मिळाला तो कुठल्या बड्या कंपनीला नाही, तर एम्सच्या हॅरिसव्हॅक्सिन्सला. आयोवा स्टेटच्याच प्राध्यापकाने काढलेली कंपनी. पुढच्याच वर्षी ती मर्कने विकत घेतली. विषाणू, शेतकरी, विद्यापीठ आणि परवान्याचं ऑफिस एका तासाच्या अंतरात नसते तर एवढ्या वेगात ते झालं असतं असं मला वाटत नाही.

जनुकसंपादित डुकरांबद्दल : मान्यता मिळाली म्हणजे शेडमध्ये आली असं नाही. मांस निर्यात होतं, घेणाऱ्या देशांनी हो म्हणायला हवं, मग प्रजननाच्या पिढ्या खाली उतरायला हव्यात. तोवर या रोगाचा अमेरिकेतला वार्षिक फटका १२० कोटी डॉलरचा आहे, हा आयोवा स्टेटच्याच संशोधकांनी काढलेला आकडा. बाजार आहे.


मुळा_मुठा

डॉक्टर, हे फार उपयोगी. एक शंका. आम्ही तिथे असलो तर माझे शास्त्रज्ञ रोज उठून शेडवर जाऊ शकतील का? गुंतवणूकदार तसं चित्र रंगवतोय.


डॉ_खूर

अजिबात नाही. :) एका फार्मवर जाऊन आलं की दुसरीकडे पाय ठेवण्याआधी मध्ये एक-दोन रात्री, कुठेकुठे जास्त, जाव्या लागतात. आत जाताना अंघोळ, बाहेर येताना अंघोळ, कपडे त्यांचे, मोबाइल पिशवीत किंवा बाहेर. आणि प्रजननाच्या फार्मवर बाहेरच्या माणसाला सहसा घेतच नाहीत. तुमची माणसं आत जाणार नाहीत, पण ज्या पशुवैद्याची त्या फार्मवर ये-जा आहे तो दुपारी तुमच्यासोबत जेवायला बसेल. वूस्टरला तो भेटणार नाही.


हिशेबनीस

सवलतींबद्दल लिहितो, कारण सादरीकरणात सगळ्यात जास्त फसवं पान तेच असतं.

आयोवाची संशोधन-खर्चावरची करसवलत प्रसिद्ध होती ती एका कारणाने : कर शून्य असला तरी रक्कम रोख परत मिळायची. तोट्यातल्या कंपनीला हे सोनं. पण २०२५ मध्ये कायदा बदलला. २०२६ पासून जुनी योजना बंद, त्या जागी ठरावीक वार्षिक निधीची, अर्ज करून मिळवायची योजना. तुमच्या गुंतवणूकदाराच्या तक्त्यात कुठला आकडा आहे ते विचारा. जुना असेल तर तक्ता किती काळजीने केलाय तेही कळेल.

बाकी रोजगारावर आधारलेल्या सवलतींना कलमं असतात. अमुक वर्षांत अमुक नोकऱ्या, अमुक पगाराच्या वर, नाहीतर पैसे परत. लस-कंपनीत चाचणी एकदा फसली की भरती वर्षभर पुढे जाते. ती तारीख सरकारला तुमच्या डुकरांनी कळवलेली नसते.

आणि राज्याचा उत्साह कायमचा धरू नका. कॅन्ससने २००४ मध्ये कॅन्सस बायोसायन्स अथॉरिटी काढली. जैवविज्ञान कंपन्यांनी वाढवलेल्या रोजगारातून येणारा कर त्यांच्यातच गुंतवायचा, जवळपास ५८ कोटी डॉलरपर्यंत, अशी योजना. कल्पना हुशार होती. सरकार बदललं, चौकश्या झाल्या, निधी आटला, आणि २०१६ मध्ये ती संस्था विकून टाकली. तिच्या भरवशावर पाच-सात वर्षांचा आराखडा केलेल्यांचं काय झालं असेल, विचार करा.

वैयक्तिक करात फायदा आहे : आयोवात २०२५ पासून सपाट ३.८ टक्के, मॅसॅच्युसेट्समध्ये ५, आणि तिथे दहा लाख डॉलरच्या वर आणखी ४. साउथ डकोटात तर राज्याचा प्राप्तिकरच नाही. पण करासाठी कुणी बायकोमुलांना हलवत नाही. फक्त गेल्यावर बरं वाटतं.

सल्ला एकच : सवलत शून्य धरून हिशेब मांडा. तरीही जावंसं वाटलं तर जा.


भुईकोट

मी साताऱ्याकडचा, दुभत्या जनावरांच्या औषधांच्या वितरणात आहे. विषय लांबचा असला तरी वाचतोय. कॅन्ससच्या मॅनहॅटनमध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी प्रयोगशाळा झाली म्हणतात. मग लस-कंपनीने तिकडे का जाऊ नये?


डॉ_खूर

भुईकोट, चांगला प्रश्न. आणि याच प्रश्नात एम्स की मॅनहॅटन याचं उत्तर आहे.

आपल्याकडे लाळ्या-खुरकूत घरचाच. अमेरिकेत १९२९ नंतर तो आलेला नाही. त्यामुळे जिवंत विषाणू मुख्य भूमीवर हाताळायचाच नाही असं धोरण होतं, सगळं काम न्यूयॉर्कजवळच्या प्लम आयलंडवर, समुद्रात. ती जागा जुनी झाली म्हणून कॅन्ससमध्ये १२५ कोटी डॉलर खर्चून एनबॅफ बांधलं, २०२३ च्या मेमध्ये उद्घाटन झालं. भर गुरांच्या मुलखात. विरोध झाला, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. २००८ च्या जूनमध्ये त्याच गावावरून, विद्यापीठाच्या आवारातून मोठं टोर्नेडो गेलं होतं. २०१० मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने सरकारचाच धोका-अहवाल तपासला आणि म्हटलं की यातले आकडे धरले तर पन्नास वर्षांत विषाणू बाहेर पडण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. मग आराखडा मजबूत केला, आकडा एका टक्क्याच्याही बराच खाली आणला. त्यावरही वाद झाला, पण इमारत उभी राहिली.

आता मुद्दा. एनबॅफ परदेशातून येऊ शकणाऱ्या रोगांसाठी आहे : लाळ्या-खुरकूत, आफ्रिकन स्वाइन फीवर वगैरे. पीआरआरएस इथे ठाण मांडून बसलेला रोग आहे. त्याची माणसं, त्याचे नमुने, त्याचे शेतकरी एम्सच्या भोवती आहेत. मुळा_मुठा आफ्रिकन स्वाइन फीवरवर काम करत असत्या तर मी मॅनहॅटनच म्हटलं असतं. कॅन्सस सिटीच्या दोन्ही बाजूंना, मॅनहॅटनपासून मिसुरीतल्या कोलंबियापर्यंत, पशुआरोग्य कंपन्यांचा मोठा पट्टा आहे. विक्री आणि विलीनीकरणाची बोलणी तिकडे होतात, म्हणून अधूनमधून तिकडे जाणं होणारच. आयोवाची राजधानी डी मॉइनहून कॅन्सस सिटी गाडीने तीन तास, सरळ आय-३५ महामार्ग.


कागदीघोडे

वकील नाही, पण कंपनीच्या स्थलांतराची कागदपत्रं पाहिलेली आहेत. चार भारतीय म्हणालात, तिथेच थांबलो.

एच-१बीवरची माणसं : कामाची जागा त्या महानगर-क्षेत्राबाहेर गेली की दुरुस्तीची याचिका लागते, आणि ती माणूस हलायच्या आधी दाखल करावी लागते. २०१५ च्या सिमिओ निर्णयापासून यात पळवाट नाही. हे तुलनेने सोपं.

कठीण आहे ते ग्रीन कार्ड. पर्म (ग्रीन कार्डाची पहिली पायरी, कामगार खात्याचं प्रमाणपत्र) हे त्या जागेपुरतं असतं. वूस्टरच्या नोकरीसाठी जाहिरात देऊन केलेलं पर्म एम्सला चालत नाही, नव्याने करावं लागतं. आय-१४० (त्यानंतरची कंपनीची याचिका) मंजूर असेल तर प्राधान्य-तारीख राहते, म्हणजे रांगेतली जागा जात नाही. पण पर्म, नवं आय-१४०, सगळा प्रवास पुन्हा, आणि या काळात कंपनी डळमळली तर माणूस मधेच लटकतो. आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) दाखल होऊन १८० दिवस उलटले असतील तर मात्र तशाच कामावर जाता येतं. म्हणून चौघांपैकी प्रत्येक जण नेमका कुठल्या पायरीवर आहे ते आधी लिहून काढा. 'भारतीय कर्मचारी' असा एक गठ्ठा करू नका. स्टेम ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करण्याची वाढीव मुभा) कुणी असेल तर त्याचा प्रशिक्षण-आराखडाही बदलावा लागतो, हे हमखास राहून जातं.

अजून एक. आयोवात त्याच कामाचा प्रचलित पगार कमी निघतो. कायद्याने तुम्ही पगार कमी करू शकाल. करू नका. ज्यांना सोडून जाता येत नाही त्यांचाच पगार कापला, ही गोष्ट उरलेले सात जणही बघत असतात.

आणि विषाणूंचेही व्हिसे लागतात बरं का. जनावरांचे रोगजंतू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला कृषी खात्याचा परवाना हवा. फ्रीझर गाडीत टाकला आणि निघालो, असं होत नाही.

शेवटचं वेळेबद्दल. हलायचंच असेल तर आत्ता हला. उत्पादनाच्या जागेलाही परवाना लागतो, इमारतीचे नकाशे मंजूर व्हावे लागतात, आणि परवान्याआधी लागोपाठ तीन बॅचेस त्याच जागेत करून दाखवाव्या लागतात. त्या वूस्टरला करून मग हललात तर तोच खर्च दोनदा.


कोपरा_टेबल

+१. पर्मचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.


रेड_रिव्हर

फार्गोहून. इथे 'शेतीच्या राज्यात बायोटेक मरतं' असं म्हणणाऱ्यांना आम्ही अल्डेव्हरॉन दाखवतो. १९९८ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेटच्या आवारातून निघालेली कंपनी. प्लाझ्मिड डीएनए बनवत राहिली, जे जनुकीय उपचारांना आणि एमआरएनएला कच्चा माल म्हणून लागतं. २०२१ मध्ये डॅनाहरने ९६० कोटी डॉलरला घेतली. पण नीट बघा, ती कुठून आलेली नव्हती, इथेच उगवली होती. आलेल्यांत हेमाटेक आहे : मॅसॅच्युसेट्समधल्या गायींच्या क्लोनिंगच्या कामातून निघालेली, साउथ डकोटात सू फॉल्सला गेली, कारण गायींच्या शरीरात मानवी प्रतिपिंडं तयार करायची तर गायी आणि गायी सांभाळणारी माणसं हवीत. मालक बदलत गेले, काम तिथेच राहिलं. दोन्हींत मला एक समान धागा दिसतो : त्यांचा माल पेटीत बसून कुठेही जातो. गिऱ्हाईक गावात असायची गरज नाही. तुमचंही तसंच.

न सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी. तंत्रज्ञ मिळतात, आणि फार चांगले मिळतात. इथेनॉलच्या कारखान्यात किण्वनाच्या टाक्या सांभाळलेला माणूस बायोरिॲक्टरपुढे बिचकत नाही. रात्री दोनला अलार्म वाजला तर येतो. निर्जंतुकीकरणाची शिस्त शिकवावी लागते, यंत्राची शिकवावी लागत नाही. आयोवात तर देशातलं सगळ्यात जास्त इथेनॉल होतं.

द्रव नायट्रोजन मिळेल का, अशी चिंता बोस्टनवाले करतात. अहो, जिथे कृत्रिम रेतन आहे तिथे नायट्रोजनची गाडी फिरतेच. (भुईकोट हसत असतील. उरुळी कांचनच्या बायफमुळे आपल्याकडे गावागावात ते कंटेनर पोचलेले आहेत.)

उलट अडचण हिवाळ्यात. सगळे गार कसं ठेवायचं याचा विचार करतात, इथे माल गोठू न देण्याचा करावा लागतो. ॲल्युमिनियमचं सहायक द्रव्य असलेली लस एकदा गोठली की गेली. रक्ताचे नमुने गोठले की पेशी फुटतात. जानेवारीत कुरिअरचा माणूस पेटी दाराबाहेर ठेवून जातो, आणि बाहेर उणे पंचवीस.

वरिष्ठ माणसं मात्र मिळत नाहीत. पगार हे कारण नसतं. गुणवत्ता-विभागाचा प्रमुख मुलाखतीत विचारतो, तुमची कंपनी बुडाली तर मी या गावात दुसरी नोकरी कुठे करू? फार्गोला याचं उत्तर देताना घाम फुटतो. एम्सला देता येतं, कारण बोरिंगर आणि मर्क दोघेही तिथे आहेत. पण अर्थात, मग तुमची माणसंही तेच पळवणार.


आंबेमोहोर

डी मॉइनच्या उपनगरात राहते. लॅबचं मला कळत नाही, राहण्याचं लिहिते.

नवरा आयटीत आहे म्हणालात, ती चिंता सोडा. डी मॉइन विम्याचं गाव आहे, कंपन्यांना माणसं लागतात. एम्सहून पाऊण तास, आणि वाहतूक म्हणजे पुढे कापणीचं यंत्र आलं तर. पण बायको किंवा नवरा वास्तुविशारद, नृत्यशिक्षिका, फार्मा मार्केटिंगवाला असेल तर कठीण. अकरा घरांतल्या दुसऱ्या माणसाची यादी करा, पहिल्याची नव्हे.

मंदिर मॅड्रिड नावाच्या खेड्यात आहे, मक्याच्या शेतांमध्ये. मराठी घरं मोजकी, त्यामुळे गणपतीत सगळ्यांना सगळी कामं. बोस्टनला तुम्ही नाटक बघायला जात असाल, इथे नाटक बसवावं लागेल. कढीपत्ता मिळतो. चांगले मासे विसरा.

वास येतो. रोज नाही, पण पीक निघालं की शेतात डुकरांचं खत घालतात, तेव्हा कळतं आपण कुठे राहतो. पाण्यात नायट्रेटचा प्रश्न आहे, २०२५ च्या उन्हाळ्यात तर इतकं वाढलं की लॉनला पाणी घालायला बंदी केली होती. तुमची लॅब पाणी शुद्ध करूनच वापरत असेल, तरी घरासाठी विचार करा.

आणि ऑगस्ट २०२० चा डेरेचो. टोर्नेडोबद्दल सगळे बोलतात, हे सरळ रेषेत येणारं वादळ. सीडर रॅपिड्समध्ये कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रीझरवाल्यांनी जनरेटर कितीचा घ्यायचा ते त्यावरून ठरवावं.

मुलीबद्दल : एम्सच्या शाळा चांगल्या आहेत, प्राध्यापकांची मुलं असतात. नववीतून दहावीत जाताना हलवा, अकरावीत नको. आणि तिने कार्व्हरबद्दल वाचलं असेल तर सांगा की तो शिकला ते आयोवा स्टेटच. आमच्याकडे येणारा प्रत्येक मराठी पाहुणा कॅम्पसवर आधी त्याचाच पुतळा शोधतो.

कायद्याबद्दलही एक सांगते. आयोवात जुलै २०२४ पासून गर्भपातावर सहा आठवड्यांची मर्यादा आहे. तुमच्या तरुण सहकारी मुली तोंडावर विचारणार नाहीत, पण मनात असतं.


ॲडमिन

शेवटच्या मुद्द्यावर राजकीय चर्चा इथे नको, वेगळा धागा काढावा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.


कोपरा_टेबल

आंबेमोहोर यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकन सरकारनेच देऊन ठेवलंय. २०१९ च्या जूनमध्ये कृषी खात्याने आपल्या दोन संस्था, ईआरएस (शेतीच्या अर्थशास्त्राचं संशोधन) आणि निफा (कृषी-संशोधनाला अनुदान), वॉशिंग्टनहून कॅन्सस सिटीला हलवायचं जाहीर केलं. कारणं तुमच्या गुंतवणूकदाराचीच : खर्च कमी, शेतकरी जवळ. सप्टेंबरअखेरची मुदत दिली. बहुसंख्य लोकांनी जायला नकार दिला, कित्येकांनी नोकरीच सोडली. कृषी-अर्थशास्त्रज्ञ होते ते, आयुष्यभर शेतीवर लिहिणारे! तरी गेले नाहीत. नंतर जागा भरल्या, पण अनुभव भरून येत नाही. अहवाल रखडले.

सरकारला हे परवडलं. अकरा जणांच्या कंपनीत चौघे गेले नाहीत तर उरतं काय?


मुळा_मुठा

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्त्यात न मावणाऱ्या गोष्टी मागितल्या होत्या, भरपूर मिळाल्या.

कागदीघोडे यांच्या सांगण्यावरून वकिलाशी बोलले. चौघांपैकी एकाचं आय-४८५ पुरेसं जुनं आहे, एक नागरिक झालेलाच आहे (मला आठवलंच नव्हतं, पार्टी दिली होती त्याने!), उरलेल्या दोघांना नवं पर्म लागेल. त्यातल्या एकीने सरळ सांगितलं, येणार नाही. लसीची मूळ रचना तिच्या हातची आहे, त्यामुळे तिच्या नकाराचं वजन इतर दहा होकारांइतकं आहे.

हिशेबनिसांचा प्रश्न गुंतवणूकदाराला विचारला. आकडा जुनाच होता. दुसऱ्या दिवशी नवा तक्ता आला, तोही बऱ्यापैकी बारीक झालेला.

मग आम्ही उलट प्रस्ताव दिला. रेणूंची रचना आणि पेशींवरचं काम वूस्टरलाच राहील, भाडं पुन्हा ठरवून (कोपरा_टेबल, मालक खरंच नरमला). प्राण्यांवरच्या चाचण्या, तपासणी-संच आणि पुढचं उत्पादन एम्सला. सुरुवातीला तिघं जातील, तिघांनीही स्वतःहून हात वर केला आहे. परवान्याच्या तीन बॅचेस थेट एम्सलाच करायच्या, म्हणजे दुहेरी खर्च नाही. नोंदणीकृत पत्ता बदलायचा की नाही ते लस पुढे सरकल्यावर. गट 'विचार करतो' म्हणालाय. त्यांच्यातल्या पशुवैद्याला पटलंय, वित्तवाल्याला दोन जागांचा खर्च खुपतोय.

मी स्वतः पहिलं वर्ष ये-जा करणार. मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण जाणार नाही आहोत ना?" आणि परत फोनमध्ये.

आता फक्त एक विचारायचं राहिलं : मूळ विषाणूसाठा, मास्टर सीड, कसा न्यायचा? परवान्याचा अर्ज गेला आहे. कुरिअर की स्वतः गाडीने?


रेड_रिव्हर

दोन खेपांत, दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या ड्राय शिपरमध्ये (द्रव नायट्रोजनवर गार राहणारी पेटी). पहिला पोचला, तापमानाची नोंद उतरवून बघितली, मगच दुसरा निघू दे. शुक्रवारी काहीही पाठवू नका, शनिवारी-रविवारी तो कुठल्यातरी गोदामात पडून राहतो. आणि थोडा साठा वूस्टरला कायमचा ठेवा. दोन जागा असण्याचा हा फायदा तुमच्या वित्तवाल्याला सांगा, विम्यासारखा आवडेल त्याला.


डॉ_खूर

रेड_रिव्हर यांच्याशी सहमत. ऑक्टोबरच्या आत उरका, नंतर कापणीच्या हंगामात शेतकरी फोन उचलत नाहीत आणि तुमच्या पहिल्या चाचणीला शेड मिळणार नाही. तिघांपैकी कुणाच्या घरी डुक्कर, कोंबडी पाळलेली असेल तर आधी कळवा, फार्मवाले तो प्रश्न फाटकावरच विचारतात.


चिवडा

बोस्टनमध्ये कोंबडी पाळणारे असतातच. सेंद्रिय अंड्यांसाठी.


मुळा_मुठा

चिवडा, आहे एक. तिघांतलाच. :( डॉक्टर, सहा कोंबड्या. चालेल का?


डॉ_खूर

डुकरांच्या फार्मवर काही ठिकाणी चालवून घेतात. अंड्यांच्या फार्मजवळसुद्धा नाही. २०१५ च्या बर्ड फ्लूत आयोवाने तीन कोटींहून जास्त पक्षी गमावले आहेत, तेव्हापासून कोंबडी म्हटलं की दार बंद. त्याला म्हणावं, कोंबड्या शेजाऱ्याला दे आणि ये.